पहिल्या पाटीचं तापमान

थर्मामीटरची सळई सुरमईच्या पोटात गेली. टॅबवर आकडा हलू लागला आणि सव्वीसवर येऊन थांबला. पडदा लाल झाला.

"परत एकदा घाल," दामू म्हणाला.

जयवंतीने सळई पुसली आणि पाटीतल्या दुसऱ्या सुरमईत घातली. पुन्हा लाल. पाच अंशांच्या वरचा मासा घ्यायचा नाही, असं टॅबमध्ये घालूनच दिलं होतं.

बेटेगावच्या पुढे रस्त्याला लागून असलेल्या या हॉटेलात येणारा प्रत्येक मासा जयवंतीच्या हातून जायचा. गेल्या महिन्यापर्यंत काम सोपं होतं. कागदावर सगळंच चार अंशांवर असायचं. मासे चार, चिकन चार, दोन्ही फ्रीज चार. दिवसभर वीज गेली तरी चारच. इतके आज्ञाधारक फ्रीज उभ्या तालुक्यात नसतील. आठवड्याचे सगळे रकाने ती चहा पिता पिता एका बैठकीत भरून टाकायची.

मग टॅब आला. आता आकडा सळई टाकायची, माणसाने फक्त घेतलं की परत केलं एवढं सांगायचं. शिकवायला आलेल्या मुलीने सांगितलं, सुरमई-बांगडा बर्फाशिवाय राहिला तर त्यात विष तयार होतं. मासा दिसायला ताजाच दिसतो आणि तळला तरी ते जात नाही. ऐकून जयवंतीला आपले जुने कागद आठवले. इतके दिवस आपण काय काय चार अंशांवर बसवलं, कुणास ठाऊक. त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं, आता सळई म्हणेल तेच.

पण पहिला लाल पडदा सख्ख्या भावाच्या पाटीवर येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"ताजी हाय, बाय," दामू कल्ले उघडून दाखवत म्हणाला. "बघ, लालबुंद. पहाटे जाळ्यातून काढली."

"बर्फ?"

"बर्फाला रांग होती. थांबलो असतो तर दुपार झाली असती. पहिली पाटी सकाळीच तुज्या हातात द्यायला नको?"

हा त्यांच्या दांडी गावच्या घरचा रिवाज. नारळी पुनवेनंतर होडी पहिल्यांदा दर्यातून आली की पहिली पाटी बहिणीपुढे ठेवायची. तिने ती उचलली की मग बाकीचा मासा बाजारात. बहिणीने पाटी परत फिरवली तर वर्षभर जाळं रिकामं येतं, असं आई सांगायची.

आवाज ऐकून मितेश बाहेर आला. हॉटेल त्याचं. टॅबही त्यानेच हौसेने आणलेला.

"ताई, दुपारी कंपनीचे पाहुणे आहेत. सुरमई कबूल केलीय मी. आजच्या दिवस जुन्या कागदावर लिहून टाका ना. टॅब उद्यापासून."

"कागदावर लिवलं की मासा थंड होतो का, मितेशभाई?"

मितेशने घड्याळात बघितलं.

"पाहुण्यांना कोळंबी करा. ती बर्फात हाय, मी आत्ताच बघितली."

दामूने पाटी तिच्याकडे सरकवली. "हॉटेलचं राहू दे. तू घरी ने. तू उचललीस म्हणजे झालं."

"मी खाणार नाय. तू पण पोरांना घालू नको. बाजारात तर नेऊच नको."

"मग करू काय हिचं?"

"माडाखाली खड्डा करून पुर."

"पहिली पाटी पुरू? बाय, तुला कळतंय का काय बोलतेस?"

"कळतंय." लहानपणापासून याच्या जाळ्याला यश दे म्हणून ती देवीपुढे हात जोडत आली होती. आणि आज तीच त्याला रिकाम्या हाताने पाठवत होती. तिला भीती वाटत होती, खरीखुरी भीती. पण आत टेबलांवर जेवायला बसणाऱ्या माणसांसाठीही वाटत होती.

तिने 'माल परत' वर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडदा ढिम्म.

"बघ," दामू उसळून म्हणाला, "मशीनला पण पटत नाय."

तिचं बोट माशाच्या पाण्याने ओलं होतं. तिने ते पदराला घासून घासून कोरडं केलं. घसा खाकरून दामूने तोंड रस्त्याकडे फिरवलं.

जयवंतीने बटण दाबलं. या वेळी ते लागलं.

टॅबने पुढचा रकाना उघडला. माल कुठल्या होडीचा? जयवंतीला टायपिंगची सवय नव्हती. एकेक अक्षर शोधत तिने सावकाश लिहिलं. मितेश तिच्या खांद्यावरून बघत होता.

"ताई, चुकलं. तिथं तुमचं नाव नको, होडीचं टाका."

"होडीचंच टाकलंय," जयवंती म्हणाली.