ओळ गाळायची नाही

"तुझ्या कादंबऱ्यांसारखाच वाच की माझा हा प्रोग्राम!" कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ओळींखाली बोट फिरवत आई म्हणाली.

"त्यात काय वाचायचं, आई?" लेक हसली. दुसऱ्याच दिवशी आई गेली.

महिन्याने लेकीने तोच प्रोग्राम उघडला. एक शब्द जास्त नाही. सुरुवातीला पेरलेलं नाव शेवटाकडे नेमकं उगवलेलं. ती रंगून गेली.

हात मांडीवर होते, तरी कर्सर तिच्या नजरेबरोबर ओळीओळीने उतरत होता.

तिने माउस, कीबोर्ड दोन्हींच्या वायरी काढल्या आणि वाचताना मुद्दाम एक ओळ गाळली. कर्सर त्या ओळीपाशीच अडून बसला. लहानपणी वाचायला शिकवताना आईचं बोट असंच अडायचं.

तिने ती ओळ वाचली. कर्सर पुढे सरकला.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "फार सुंदर लिहितेस गं तू."