जोडीची नोंद

राणी हुणसूरहून बसने आली, गोदाच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. म्हैसुरात, सरस्वतीपुरममधल्या अक्काच्या घरी गोदा कितीतरी वर्षांनी येत होती, आणि तीही माणसांसाठी नव्हे, फोटोसाठी.

कुसुमावतीने दार उघडलं. "ये," एवढंच म्हणाली. धाकट्या बहिणीचे सगळे केस पांढरे झालेले बघून तिला धस्स झालं, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

फोटोचा घाट मृण्मयीचा होता. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ही पुण्याकडची मुलगी. जुन्या बाहुल्या जमवणाऱ्या हौशी लोकांनी मिळून इंटरनेटवर एक कॅटलॉग सुरू केला होता, त्यात ती फोटो आणि माहिती घालायची. कुसुमावतीकडचा लाकडी राजा बघून ती हरखून गेली होती. दसऱ्याला पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात, त्यात राजाराणीची जोडी मानाची. पण आई गेल्यावर दोघी बहिणींपैकी एकीनेही जोडीवरचा हक्क सोडला नाही. राजा थोरलीकडे राहिला, राणी धाकटी घेऊन गेली, आणि बोलणं थांबलं.

"काकू, एकट्या राजाची नोंद अर्धवट राहील," मृण्मयी म्हणाली होती. "जोडी असली तर दोघं एका फोटोत लागतात." आणि हुणसूरला फोनही तिनेच लावला होता.

आज तिने खिडकीजवळच्या टेबलावर करडा कागद अंथरला होता, मागे भिंतीवर तोच वर चढवलेला. सावली पडू नये म्हणून एका बाजूला पांढरा पुठ्ठा, समोर मोजपट्टी. राजा आधीच उभा होता. रंग विटलेला, नाकाचा टवका उडालेला, मिशी मात्र शाबूत.

गोदाने टॉवेल सोडला. राणी नवीकोरी चमकत होती. पिवळाजर्द चेहरा, लालभडक साडी, गाल गुलाबी.

"अय्यो, गोदा! काय करून ठेवलंस हे?" कुसुमावतीच्या तोंडून निघून गेलं. "आईची राणी ना ही? दारं रंगवायचा रंग फासलास तिला?"

"मग काय करू? वाळवी लागली होती. तोंड उरलं नव्हतं तिला. तू आली होतीस काय बघायला?"

मृण्मयी मध्ये पडली नाही. तिने एकेका बाहुलीचे फोटो घेतले, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, आडवं करून पायांचेसुद्धा. राजाचं तुटलं नाक कुसुमावती हळूच भिंतीकडे वळवायला लागली, तर तिने ते परत उजेडात आणलं आणि अगदी जवळून टिपलं. मग ती मोबाइलवर माहिती भरू लागली, मोठ्याने वाचत. "राजा. लाकूड. मूळ रंग. राणी. लाकूड. नंतर रंगवलेली."

"नंतर रंगवलेली म्हणजे?" गोदाने विचारलं. "खोटी काय?"

"खोटी नाही हो, मावशी. पण जे झालंय ते लिहावं लागतं. नाहीतर पुढे बघणाऱ्याची फसगत होते."

गोदा मान खाली घालून टॉवेलची घडी घालायला लागली. झालेली घडी तिने मोडली, पुन्हा घातली.

कुसुमावतीने चष्मा लावला. राणीला उचलून खिडकीपाशी नेलं. पोखरलेल्या जागा इतक्या नीट बुजवल्या होत्या की बोटाला लागत नव्हत्या. आणि साडीच्या काठावर बारीक बारीक कोयऱ्या होत्या, आजोबा लुगड्यांवर छापायचे तशाच, देठ डावीकडे वळलेला. एवढ्याशा काठावर त्या काढायच्या म्हणजे गोदाने किती दिवस डोळे फोडले असतील.

"एवढंच नको लिहू," ती मृण्मयीला म्हणाली. "कुणी रंगवली ते पण लिही. गोदाबाई, हुणसूर. रंगाऱ्यांच्या घरातली."

मृण्मयीने लिहिलं, आणि तेही वाचून दाखवलं.

"सुम्ने, उगीच काहीतरी," गोदा पुटपुटली आणि नाक पुसलं.

शेवटी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. स्क्रीनवर फोटो उमटला. विटका राजा, झगमगती राणी. गोदाला एकदम हसू फुटलं. "अक्का, बघ की! म्हातारा नवरा बघून दिला गं हिला." कुसुमावती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं.

मग राणी पिशवीत गेली. गोदा दारात जाऊन चपला घालायला लागली. कुसुमावती नुसतीच पिशवीकडे बघत उभी राहिली.

"एक राहिलं," मृण्मयी म्हणाली. "जोडी सध्या कुठे असते? एकच गाव लिहायला जागा आहे."

"हुणसूर लिही," गोदा दारातून म्हणाली.

"का गं? थोरली मी ना? म्हैसूर."

"तुझ्या घरात नाक तुटलं त्याचं!" गोदाने चपला काढल्या आणि तरातरा आत आली. "माझ्याकडे दे, मी नीट करते."

राजा तिच्याकडे द्यायचा, हे कुसुमावतीचं मघाशी खिडकीपाशीच ठरलं होतं. पण ते आत्ताच बोलली असती, तर गोदा लगेच निघाली असती.

"म्हैसूरच," ती ठासून म्हणाली आणि कॉफी करायला आत वळली. गोदा भांडत भांडत तिच्यामागे स्वयंपाकघरात आली.