वावडिंगाचा काढा

नात झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत झालेत, एवढं मला कळतं. डॉक्टर म्हणे पोरीच्या मनावर ताण आहे. सहा वर्षांच्या पोरीला कसला आलाय ताण? ती काय कचेरीत जाते? महिनाभर मी तिला गूळ घालून वावडिंगाचा काढा पाजला. अख्ख्या आळीची पोरं माझ्या हातानं बरी झाली, हीच तेवढी होईना. ते मला फार लागलं.

आज दुपारी तिला मांडीवरच झोपवलं आणि लक्ष ठेवून बसले. पोर शांत होती. फाटकाशी मोटारसायकल थांबली, तसा झोपेतच तिचा जबडा आवळला. स्वयंपाकघरात लेक सुनेवर ओरडला, "भाजीत मीठ किती घालायचं तेही शिकवू का?" ताट आपटलं. इकडे मांडीवर कराकरा सुरू झालं, सुपारी फोडावी तसं.

पोरीचं डोकं उशीवर ठेवलं आणि तिच्यासाठी केलेला काढा लेकापुढे आदळला.

"पी."

"मला कुठे जंत झालेत, आई?"

"हळू बोल! तुझी गाडी वाजली की पोर दात खाते. औषध माझं बरोबरच होतं मेल्या, पाजत चुकीच्या माणसाला होते."

सुनेनं ओट्याकडे तोंड फिरवलं. त्यानं वाटी तोंडाला लावली. मी कान दिला. आत कराकर चालूच होती.

"उद्याही प्यायचाय," मी म्हटलं.