बर्फातल्या डब्या

"अगं बाई, पुन्हा बर्फ! आज तरी खरं सांग, कुठला मासा दडवलायस गाडीत?" खाणावळवाल्या लेमोनियानं पिशवीत बर्फ ओतता ओतता विचारलं.

"मासा कसला! नवऱ्याचा स्नूस आहे."

"म्हणजे ती ओठाखाली कोंबायची तंबाखूची पुडी? शी! बायका नवऱ्याचं डोकं थंड ठेवतात, तू त्याचा तंबाखू थंड ठेवतेस."

माइवोर हसली. पिशवी छातीशी धरून ती घाईघाईनं उन्हात निघाली.

ग्रीसचं ते ऊन म्हणजे नुसती भट्टी. त्यांच्या कॅम्पर गाडीतला फ्रिज गावाकडे, उत्तरेच्या थंडीत, लिक्सेलेत झकास चालायचा. इथे समुद्राकाठी त्याचं कोमट कपाट झालं होतं. माइवोरनं दूध, चीज, टोमॅटो सगळं बाहेर काढलं आणि असेल-नसेल तो गारवा नवऱ्याच्या, हिल्डिंगच्या, स्नूसच्या डब्यांना दिला. या हवेत डबी नुसती टेबलावर राहिली तर संध्याकाळपर्यंत आतल्या पुड्यांचा पुठ्ठा होतो. आणि हिल्डिंगची तऱ्हा अशी, की पुडी जरा सुकलेली लागली तर थुंकून टाकणार. दूध नासतंय? नासू दे. ज्या माणसाला अजून पुडी ताजीच लागते, तो माणूस जगायला तयार आहे, असं तिचं साधं गणित होतं.

आणि आज गावाकडून, उमेओच्या हॉस्पिटलातून, फोन येणार होता. पुन्हा किमो घ्यायची की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "आधी जरा ऊन खाऊन येऊ, मग सांगतो," असं हिल्डिंग निघताना म्हणाला होता. तिनं त्याचा अर्थ 'हो' असा लावला होता. न लावून करते काय?

ती गाडीपाशी आली तेव्हा हिल्डिंग गाडीच्या कापडी छताखाली खुर्चीत बसला होता. सदरा त्याचा नसून मोठ्या भावाचा असावा, इतका सैल झाला होता. समोर शेजारच्या गाडीतला येर्केर उभा. त्यांच्याच देशातला, बोरोस गावचा तरणाताठा गडी. त्याच्या दोन्ही हातांत डब्यांची चळत, थेट हनुवटीपर्यंत.

"माइवोर, तुझा नवरा येडा झालाय बघ!" आमच्याकडे लहान-थोर सगळ्यांचं अरे-तुरेच असतं. "सगळ्या मलाच देतोय! माझ्या तर क्रोएशियातच संपल्या होत्या. तेव्हापासून कोरड्या हिरड्या चघळत बसलोय."

आमच्या उत्तरेतला माणूस आपल्या डबीतली पुडी कुणालाही देतो, अगदी वैऱ्यालासुद्धा. पण एकदा देशाबाहेर पडला, की अख्खी डबी सख्ख्या भावाला देणार नाही. वाटेत कुठल्या दुकानात स्नूस मिळत नाही आणि परतीचा रस्ता त्याच्या डोक्यात पक्का असतो. व्हिएन्नाजवळच्या पंपावर एका गाववाल्यानं हात जोडले होते, तरी हिल्डिंगनं त्याला एका पुडीवर वाटेला लावलं होतं.

माइवोरनं बर्फाची पिशवी खाली ठेवली.

"आणि परत जाताना काय करशील?"

"ही एक आहे ना." हिल्डिंगनं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "पुरेल."

"पुरेल? घर कुठे, आपण कुठे!"

"पुरेल गं."

येर्केरचं हसू तोंडातच राहिलं. तो एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला.

"आत्ता फोन येईल," माइवोर म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

"आभार मान त्यांचे. ती नर्स चांगली आहे. तिच्यावर ओरडू नकोस."

"मेल्या!" माइवोर ओरडली ती त्याच्यावरच. पलीकडच्या तंबूतली माणसं माना वळवून बघायला लागली. बघेनात का! "अख्खा युरोप बर्फ वाहत आणला मी! दूध नासवलं, लोण्याचं पाणी झालं, रोज त्या बाईपुढे पिशवी पसरली. कशासाठी? परक्याच्या तोंडात घालायला?"

"तू नीट ठेवलंस म्हणून तर देता आलं," हिल्डिंग म्हणाला. "सुकलेलं कुणाला देतं का कोणी?"

मग त्यानं मान खुर्चीला टेकली.

"दमलो गं मी."

कालपर्यंत झोपताना, भांडी घासताना माइवोरनं त्याला समजवायची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. नातवंडांची नावं होती त्यात, डॉक्टरांचे आकडे होते. आता एकही आठवेना. गाडीत ठेवलेला फोन वाजायला लागला. कुणीच उठलं नाही. बराच वेळ वाजून तो बंद झाला.

"हे घे, परत घे बाई," येर्केर डब्या पुढे करत पुटपुटला. "मला काय ठाऊक... मी आपला उगाच..."

माइवोरनं त्याच्या हातातली चळत हिसकावूनच घेतली. हिल्डिंगनं डोळे मिटले होते. ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकेक डबी बर्फात खोल दाबू लागली. सगळ्या बसल्यावर तिनं पिशवीला गाठ मारली, उठली, आणि ती पिशवी येर्केरच्या पोटाशी ढकलली.

"तुझ्याच आहेत आता. फ्रिजच्या दारात ठेवू नकोस," ती म्हणाली. "आत ठेव, अगदी मागे. एका वेळी एकच बाहेर काढायची. आणि उन्हात विसरायची नाही." तिनं बाहीनं नाक पुसलं. "सुकलेली त्याला चालत नाही."