शिल्पाच्या गल्लीतले उंदीर

नातवाच्या पायाचा अंगठा उंदरानं कुरतडला, हे कळल्यापासून केवळाबाईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चार महिन्यांचं लेकरू ते! दवाखान्यातून सुई देऊन आणलं, तरी शिल्पाचं रडं थांबेना.

"आई, आज परत आला तर गं? आधी एवढे नव्हते. मी माहेरून बाळाला घेऊन आले, तवापासून लई झालेत."

केवळाबाईचा संशय एकाच ठिकाणी होता. लेकीच्या घराला लागून सरजाबाईची मेस. लातूरला शिकवणीला आलेली पोरं तिथं दोन वेळा जेवायची. एवढं खरकटं जातं कुठं? मागच्या रिकाम्या प्लॉटवर, दुसरं कुठं! तिथं अख्ख्या गल्लीचा कचरा, तुंबलेली नाली आणि बिळंच बिळं.

"त्या लई स्वच्छ हायत गं," शिल्पा म्हणाली.

"तू भोळी हायस. असल्या बाया मी चांगल्या वळखते."

उंदीर काय चीज असते, हे केवळाबाईला कुणी सांगायला नको होतं. तिच्या दोन खोल्यांत गावाकडची ज्वारीची पोती पलंगाखाली कोंबलेली. पिंजरा लावला की एखादा सापडायचाच. पण मारायचा न्हाई, गणपतीचं वाहन ते! शेषेराव बिचारे बायकोचा शब्द मोडत नसत. 'लांब नेऊन सोडा, परत यायला नको,' एवढंच ती नवऱ्याला बजावायची. सरजाबाईसारखी घाण दुसऱ्याच्या दारात तर टाकत नव्हती ना!

पदर खोचून ती मेसमध्ये घुसली. सरजाबाई भाकरी थापत होती.

"खरकटं कुठं टाकतीस गं?"

सरजाबाईनं हातानंच कोपऱ्यातला ड्रम दाखवला. केवळाबाईनं झाकण उचलून आत डोकावून पाहिलं. ड्रम धुऊन पुसून कोरडा होता. मेली आधीच सावध झालेली दिसते.

"मग उंदीर काय आभाळातून पडायलेत?"

"कुणीतरी आणून सोडायलंय, मावशी. काल सकाळी मी डोळ्यानं बघितलं."

"कोण मुडदा तो? माझ्या नातवाचा जीव जाता जाता वाचला! दाखव मला, तंगडीच मोडते मेल्याची!"

"माणूस वयस्कर हाय, भला दिसला. 'उंदीर सोडायला इथंच कशाला येताव?' म्हणून मी भांडले, तर म्हणले, 'शिल्पाच्या लेकराला बघायला रोज येणं होतंच बाई, येता येता हेबी काम उरकतो.'"