नवी बेल

"गाडीवर यांच्यासोबत तुम्हीच असता ना?" डॉक्टरबाईंनी फॉर्मवरून मान वर न करताच विचारलं.

"हो मॅडम. अकरा वर्षं झाली," कंडक्टर म्हणाला.

पडद्यापलीकडे ड्रायव्हर तक्त्यावरची अक्षरं वाचत होता. खणखणीत आवाजात, वर्गात पहिला आल्यासारखा. सगळ्यात बारीक ओळसुद्धा त्यानं धडाधड वाचली आणि वर नर्सलाच विचारलं, "याच्या खाली काही नाही का?"

डॉक्टरबाई हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बोलता बोलता मध्येच थांबतात का कधी? नुसते टक लावून बघतात, हाक मारली तर ओ देत नाहीत, असं? पाच-सात सेकंदच असतं. ज्याला होतं त्याला कळतही नाही. म्हणून सोबतच्या माणसाला विचारावं लागतं."

कंडक्टरनं पडद्याकडे पाहिलं. बाईंनी अगदी नेमकं तेच विचारलं होतं.

दोन महिने हेच चाललं होतं. डबल बेल दिली तरी गाडी जागची हलायची नाही. ड्रायव्हर आपला काचेतून समोर बघत बसलेला. मग एकदम दचकून गिअर टाकायचा आणि बेलला शिव्या घालायचा. बेलच बिघडलीय, असं त्याचं ठाम मत. वर्कशॉपच्या मेकॅनिकचा पिच्छा पुरवून त्यानं आधी दोरी बदलून घेतली, मग घंटा. मेकॅनिक कळवळून म्हणायचा, "अहो, चांगली वाजतेय की!" तर हा कंडक्टरच पुढे होऊन सांगायचा, "नाही रे बाबा, मधूनच दगा देते." आणि मागच्या आठवड्यात तर चालत्या गाडीत झालं. वळण आलं आणि गाडी सरळच निघाली. कंडक्टर जिवाच्या आकांतानं ओरडला तेव्हा कुठे स्टिअरिंग फिरलं. "ओरडतोस काय लेका, बघतोय ना मी!" ड्रायव्हर उलट त्याच्यावरच खेकसला.

"तसं काही असेल तर सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधं आहेत यावर. पण तोवर गाडी नाही चालवता येणार."

गाडी नाही, तर मग याला दुसरं येतं काय? आपले वडील दवाखान्यात होते तेव्हा सख्खा भाऊ दोनदा डोकावून गेला होता, आणि हा रजा टाकून नऊ दिवस उशाशी बसला होता. त्या माणसाच्या हातातलं स्टिअरिंग आपण काढून घ्यायचं?

"नाही मॅडम. तसलं काहीच नाही," कंडक्टर म्हणाला.

सोबतच्या माणसाच्या सहीची जागा फॉर्मच्या तळाशी होती. त्यानं सही केली. करताना त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण केली.

ड्रायव्हर सर्टिफिकेट नाचवत बाहेर आला. "बघ! घोडा आहे अजून घोडा! आणि आज मेकॅनिकनं नवीकोरी इलेक्ट्रिक बेल बसवलीय. आता बहिरासुद्धा उठून उभा राहील."

कंडक्टर हसला. हसण्यावाचून करतो काय.

दुपारच्या फेरीला तिसऱ्या स्टॉपवर कंडक्टरची बायको बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. रांग गाडीत चढली, ती मात्र बसूनच राहिली. ड्रायव्हरनं पुढच्या दाराकडे वाकून हाक मारली.

"वहिनी, चढा की! पास झालोय मी आज!"

"अरे वा! पण नको भाऊजी, मागची येईलच एवढ्यात."

"मागच्या गाडीला काय सोनं लागलंय? जागा आहे इथं, या!"

"मला काय सांगता, तुमच्या दोस्ताला सांगा," ती हसत म्हणाली. "दोन महिने झाले, या गाडीत पाय ठेवू देत नाहीत. वाट्टेल तेवढी थांब म्हणतात, लेकीलाही थांबव म्हणतात, पण मागच्या गाडीनंच या. कुणाला पुढच्या सीटवर बसवून फिरवता, एकदा बघायलाच हवं!"

ड्रायव्हर खदखदून हसला. आणि हसता हसता थांबला.

"किती महिने म्हणालात?"

"दोन की."

मागच्या दारात उभ्या कंडक्टरनं ते ऐकलं. त्यानं घाईघाईनं बटण दाबलं. एकदा, दोनदा. नवी बेल अशी कडाडली की पुढचे आजोबा कानात बोट घालत म्हणाले, "अरे, जीव घेता काय!"

गाडी हलली नाही.

कंडक्टर सवयीनं मनात मोजू लागला. तीन. चार. सहा. माणसं माना वळवून त्याच्याकडे बघायला लागली. आठ. त्यानं पुन्हा डबल बेल दिली. मग घाबरत घाबरत समोरच्या आरशात पाहिलं.

ड्रायव्हरचे डोळे आरशातून त्याच्याकडेच बघत होते. चांगले जागे होते आणि भरून आले होते.

"ऐकू आली," ड्रायव्हर म्हणाला. "दोन्ही वेळा ऐकू आली."

आणि त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.