वेशीवरची गोधडी

"गावाला वेस असते ना आई, तशी देशाची वेस म्हणजे इमिग्रेशन," लेकीनं फोनवर बजावलं होतं. "फिरायला आले, एवढंच सांग. बाळंतपणाचं नाव काढू नकोस. कामाला आलीस म्हणतील."

आणि आता त्या वेशीवरच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं पिशवीच्या तळातून चिमुकली गोधडी उपसून काढली. गजराबाईंनी काचेच्या दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे लेक जड पोटानं वाट बघत उभी असेल. इथं कायम राहायचे कागद होईपर्यंत तिला मायदेशी येता येत नव्हतं. सहा वर्षांत मायलेकींची गाठ नव्हती. इथूनच माघारी धाडलं तर?

अधिकाऱ्यानं दुभाषी बाईला फोन लावला. फोनमधून मराठी आवाज आला, "मावशी, साहेब विचारतायत, गोधडी कुणाची?"

'फिरायला' हा शब्द गजराबाईंच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच विरला. गोधडीत लेकीचा परकर होता, स्वतःच्या आईचं लुगडं होतं. त्यावर हात ठेवून खोटं बोलवेना.

"नातवंडाची. लेकीचे दिवस भरलेत, बाई. पहिलटकरीण आहे."

बाईनं ते साहेबाला सांगितलं. मग इंग्रजीत काहीबाही बोलणं झालं. "साहेब म्हणतायत, तुम्ही इथंच राहून जाल."

"त्यांना म्हणावं, राहायचं असतं तर माझीही गोधडी आणली नसती का? ती घरी अंथरून आलेय."

दुभाषी बाई हसली, आणि हसताहसताच तिनं ते सांगितलं. अधिकाऱ्यानं गोधडीची वेडीवाकडी घडी घालून परत दिली. घडीवर शिक्का मारलेला पासपोर्ट होता.